दहा टक्के आणि वर चार

पोटासाठी मी काटे खरे करतो. दाबाचे, तापमानाचे, प्रवाहाचे. सौदी अरेबियाच्या ईशान्य कोपऱ्यात, कुवेतच्या सीमेपासून शंभरएक किलोमीटर अलीकडे हफ्र अल बातिन नावाचं शहर आहे; तिथल्या एका वर्कशॉपात माझं टेबल आहे. टेबलावर रोज पाच-पन्नास गेज येतात. प्रत्येकाला मी प्रमाण-उपकरणाशेजारी बसवतो, दोघांची साक्ष काढतो आणि जो चुकला त्याचा कान पिळतो. कान पिळूनही सुधारला नाही तर लाल स्टिकर. साताऱ्यात आईला कुणी विचारलं, "मुलगा काय करतो?", तर ती सांगते, "तिकडे वाळवंटात घड्याळं दुरुस्त करतो." नऊ वर्षं समजावून पाहिलं. आता सोडून दिलंय. तिला लाल स्टिकर लावायची माझी छाती नाही.

तर असा मी दिवसभर दुसऱ्यांचे काटे सरळ करून संध्याकाळी स्वतःच्या गाडीत बसतो, तेव्हा डोळ्यांसमोर जो काटा असतो तो खोटा असतो. बिघडलेला नव्हे, खोटा. बिघडलेल्या काट्याबद्दल मला माया आहे, तो माझा अन्नदाता आहे. पण हा धडधाकट, कारखान्यातून तावून-सुलाखून निघालेला, आणि तरीही ठरवून खोटं बोलणारा काटा. गाडीचा स्पीडोमीटर.

हे मला कळलं जुबैल शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्या रस्त्याची जन्मकथा आधी सांगायला हवी, कारण तो माणसांसाठी झालेला रस्ता नाही, नळासाठी झालेला आहे. हफ्र अल बातिनच्या शेजारी कैसूमा म्हणून ठिकाण आहे. तिथून थेट लेबनॉनमधल्या सैदा बंदरापर्यंत बाराशेहून जास्त किलोमीटरची तेलवाहिनी अमेरिकन कंपन्यांनी १९५० साली पुरी केली. तिचं नाव ट्रान्स-अरेबियन पाइपलाइन, घरगुती नाव टॅपलाइन. नळाची देखभाल करायची म्हणून त्याच्या कडेने रस्ता आला. आज नळ बंद आहे, रस्ता चालू आहे. आता नळाला कुठे देऊळ लागत नाही, चहाची टपरी लागत नाही, मामाचं गाव लागत नाही. तो सरळ जातो. त्याच्या मागोमाग रस्ताही सरळ. खंबाटकीच्या वळणांवर वाढलेल्या माणसाला असा रस्ता बघितला की आपण काहीतरी विसरलोय असं वाटत राहतं.

अशा रस्त्यावर वेग डोळ्यांना कळत नाही. गावाकडे वेग कळायला काटा लागतोच कुठे? आमच्या लहानपणी वडापच्या जीपचा काटा वर्षानुवर्षं शून्यावर झोपलेला असे. ड्रायव्हरचं काही अडत नसे. मागच्या बाकावरच्या म्हातारीने "पांडुरंगा" म्हटलं की चाळीस, "अरे देवा, देवा, देवा" असं तीनदा म्हटलं की साठ, आणि म्हातारी एकदम गप्प झाली की ऐंशी. शिवाय झाडं होती, कोंबड्या होत्या, मैलाचे दगड होते. इथे दोन्ही बाजूंना वाळू आणि वर आभाळ. मधूनच उंटाचं चित्र असलेली पाटी येते, आणि कधी तिच्यामागे चित्राबरहुकूम उंट. तो इतक्या तुच्छतेने बघतो की त्यावरून आपला वेग काढणं शक्य नाही. उंटाला एकशेवीस आणि वीस सारखेच क्षुद्र. म्हणून माणूस काट्याला शरण जातो.

काट्याच्या जोडीला घंटा आहे. आखाती देशांतल्या बऱ्याच गाड्यांत एकशेवीसच्या पुढे गेलं की टिंग-टिंग सुरू होतं. आपल्याकडेही १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत हा प्रकार आला: ऐंशीला अधूनमधून टोचणं, एकशेवीसला अखंड. सातारच्या माझ्या मेव्हण्याची गाडी ऐंशीला टोचते तेव्हा तो म्हणतो, "सासरेबुवा बोलले." आमची एकशेवीसला वाजते. बायको म्हणते, आरती संपेपर्यंत तरी हळू चालवा.

परवा-परवापर्यंत मी काट्याच्या शब्दाबाहेर नव्हतो. एकशेवीसची मर्यादा, काटा एकशेवीसवर, घंटा ओठांवर आलेली पण वाजत नाही, अशी मी गाडी चालवायचो. आणि तरीही सगळे मला ओलांडून जायचे. पिकअप, स्कूलबस, मेंढ्या भरलेले टेंपो. मेंढ्या मागे वळून बघायच्या. मला वाटायचं, या मुलखात कायद्याने वागणारा मी एकटाच. तेवढ्यात आमच्या इमारतीतले मामू एकदा सोबत आले. मामू दापोलीचे. पस्तीस-एक वर्षं इथे पाण्याचा टँकर चालवतात. त्याला इथे 'वायत' म्हणतात. त्यांनी थोडा वेळ माझं ड्रायव्हिंग सहन केलं आणि मग विचारलं, "गाडीत आजारी माणूस हाय काय रे?"

"एकशेवीसवर आहे, मामू."

"कोण सांगतो?"

"हा काय, काटा."

मामू हसले. "काट्याचं काय घेऊन बसलायस. घड्याळ काढ."

मग त्यांनी मला जो प्रयोग शिकवला तो माझ्या बत्तीस हजार रियालच्या प्रमाण-उपकरणाला लाजवणारा होता. रस्त्याच्या कडेला किलोमीटरच्या पाट्या असतात. ताशी एकशेवीस म्हणजे मिनिटाला दोन किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला बरोबर तीस सेकंद. काटा एकशेवीसवर घट्ट धरायचा आणि एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत सेकंद मोजायचे. मी काटा धरला, मामूंनी सेकंद मोजले. बत्तीस. पुन्हा मोजले. बत्तीस. पाच पाट्या सलग मोजल्या, एकशे साठ सेकंद. छत्तीसशेला बत्तीसने भागा: साडेएकशेबारा. काटा म्हणतो एकशेवीस, रस्ता म्हणतो साडेएकशेबारा. साडेसात किलोमीटर हवेतले.

मामूंनी फोन डॅशबोर्डवर टेकवला. त्यावर उपग्रहांनी सांगितलेला वेग दिसत होता: एकशेबारा, एकशेतेरा, एकशेबारा. फोनला चाकाशी घेणंदेणं नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींच्या पट्टीत आपल्या हालचालीमुळे जो बदल होतो, रेल्वे जवळून गेली की शिट्टीचा सूर बदलतो तसा, त्यावरून तो वेग काढतो. खंडाळ्याच्या बोगद्यात त्याची बोबडी वळते, पण इथे ना डोंगर, ना झाड, ना इमारत. उपग्रह बघायला यापेक्षा मोकळं आभाळ मिळायचं नाही. उगाच नाही, जीपीएसची युद्धातली पहिली मोठी परीक्षा याच मुलखात झाली. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकन फौजा हफ्र अल बातिनच्या आसपास जमल्या आणि खुणेचा दगडही नसलेल्या वाळवंटातून इराककडे वळसा घालून गेल्या, त्या या यंत्राच्या भरवशावर. तेव्हा आकाशात उपग्रहांची पुरी माळही लागलेली नव्हती आणि लष्कराकडे यंत्रं इतकी अपुरी, की काही सैनिकांनी घरून बाजारातली मागवून घेतली. ज्या आभाळाने रणगाड्यांना वाट दाखवली, ते आता मला सांगत होतं: बाबा रे, तू मेंढ्यांच्या टेंपोपेक्षा हळू चालला आहेस.

रात्री घरी येऊन मी वाचायला बसलो. वाटलं होतं, गाडी जुनी आहे, काटा थकला असेल, उद्या टेबलावर घेऊ. पण प्रकरण निराळंच निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली मोटारींचे नियम होतात, त्यांतला एकोणचाळिसावा नियम स्पीडोमीटरचा. त्याचं सार असं: काट्याने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही, कुठल्याही परिस्थितीत, कमी असता कामा नये. जास्त असला तर चालेल. किती जास्त? खऱ्या वेगाचे दहा टक्के आणि वर चार किलोमीटर. म्हणजे गाडी खरी शंभरने जात असेल तर काट्याने एकशेचौदापर्यंत सांगितलं तरी तो सज्जन. नव्व्याण्णव सांगितलं की गुन्हेगार. खरी एकशेवीसने जात असेल तर एकशेछत्तीसपर्यंत मुभा.

मी हे बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. "दहा टक्के आणि वर चार," ती म्हणाली. "असं होय." आणि सोलत राहिली. त्या "असं होय"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

माझी झोप उडाली. आयुष्यभर जी पोथी वाचली तिच्यात चूक म्हणजे दोन्ही बाजूंची: थोडं अधिक, थोडं उणं. इथे उणं हा शब्दच नाही. आणि गंमत बघा, रिक्षाचा मीटर काय आणि स्पीडोमीटर काय, दोघे एकाच चाकाची मुलं. पुण्यात रिक्षाचा मीटर थोडा 'फास्ट' निघाला तर गिऱ्हाईक भर चौकात बाह्या सरसावतं आणि वैधमापन शास्त्रवाले सील घेऊन दारात उभे. काटा वाण्याचा असो, पेट्रोल पंपाचा असो की सोनाराचा, जास्त दाखवला की लबाडी. जगाच्या पाठीवर हा एकच काटा असा की तो 'फास्ट' नसेल तर कारखानदाराचा जीव धास्तावतो!

कारण समजून घेतलं तर कारखानदाराची दया येते. काट्याला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. जुन्या गाड्यांत चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून एक पिळाची केबल यायची. तिच्या टोकाला चुंबक, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि काट्याला घड्याळातल्यासारखी केसाएवढी स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि स्पर्श न करता तो वाटीला आपल्याबरोबर ओढू बघतो; स्प्रिंग म्हणते, थांब. या ओढाताणीत काटा जिथे उभा राहील तो आपला वेग. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जग त्याच्या वाटीवर चाललं. माझ्या जुन्या स्कूटरची केबल दर पावसाळ्यात तुटायची, मग पुढचे सहा महिने मी वेगाच्या बाबतीत निर्विकार असायचो. आता केबल गेली, सेन्सर आला. तो दाते मोजतो आणि संगणकाला सांगतो. पण संगणकालाही प्रत्येक फेऱ्याला किती अंतर कापलं हे गृहीतच धरावं लागतं. ते ठरतं टायरच्या घेरावर. आणि टायर म्हणजे माणसाच्या पोटासारखा: हवेप्रमाणे, वजनाप्रमाणे, वयाप्रमाणे बदलणारा. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल असते. झिजून दीडवर येते तेव्हा घेर दोन टक्क्यांनी घटतो. तेवढंच अंतर कापायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि काटा म्हणतो, वा, काय पळतोय! म्हातारा टायर आपला वेग वाढवून सांगतो. माणसांहून काही वेगळं नाही.

उद्या कुणी मोठा टायर लावला, तर उलट होणार: खरा वेग जास्त, काटा कमी. दंड झाला की माणूस कोर्टात म्हणणार, काटा बरोबर एकशेवीसवर होता, कंपनीला विचारा. म्हणून कंपनी आधीच काट्यात पाच-सहा टक्क्यांचा गूळ घालून ठेवते. मात्र त्याच चाकावर चालणाऱ्या एकूण किलोमीटरच्या आकड्याला हा गूळ नसतो, तो बऱ्यापैकी खरं बोलतो. एका चाकाच्या दोन जिभा. जुन्या गाड्यांच्या बाजारात मग कुणीतरी तो खरा आकडा मागे फिरवतो. एकूण हिशेब बरोबर बसतो: वेग वाढवून सांगायचा, वय कमी करून.

आता खरं सांगतो, हे खोटं मला नवं नव्हतं. आमच्या साताऱ्याच्या घरात भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. माझ्या जन्माच्या आधीपासून. सौदी आणि भारत यांत अडीच तासांचा फरक आहे. सौदी आणि आमची आई यांत दोन तास चाळीस मिनिटांचा. ते घड्याळ पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. वडील त्याच्याकडे बघून म्हणायचे, "आठ. म्हणजे पावणेआठ वाजून पाच मिनिटं. म्हणजे अजून दाढी होते." मग दाढी व्हायची आणि एसटी जायची. पाहुणा मात्र चहाचा कप तसाच ठेवून धावत सुटायचा आणि स्टँडवर दहा मिनिटं आधी पोचायचा. म्हणजे त्या घड्याळाचा फायदा फक्त ज्याला गुपित माहीत नाही त्याला. मी एकदा आईला म्हटलं, "सगळ्यांनाच ठाऊक आहे तर पुढे ठेवतेस कशाला?" ती म्हणाली, "पुढे आहे म्हणून आठवण तरी राहते, की आपल्याला उशीर होतो."

मला आता स्पीडोमीटरचं गुपित कळलं होतं. आणि मी वडिलांचा मुलगा होतो. मी वजाबाकी सुरू केली.

काटा एकशेअठ्ठावीस म्हणजे खरे एकशेवीस. म्हणजे मी कायद्यात. घंटा वाजू दे. आता मेंढ्यांचे टेंपो मागे पडू लागले. मीही मागे वळून बघायचो. त्यात कँटीनमधल्या तज्ज्ञांची भर पडली. सौदीत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांची जी यंत्रणा २०१०पासून सुरू झाली तिचं नाव साहेर. साहेर म्हणजे रात्रभर जागा असणारा. आपल्याकडे कोजागरीच्या रात्री लक्ष्मी फिरत विचारते, कोण जागं आहे? इथे ते विचारायची सोय नाही. साहेर जागा आहे, आणि तो लक्ष्मी घेऊन जातो. तर हा साहेर मर्यादेवर किती सोडतो, या विषयावर आमच्या कँटीनमध्ये केरळ, लाहोर, मनिला आणि सातारा यांचं एकमत कधी झालेलं नाही. कुणी म्हणतं पाच, कुणी म्हणतं दहा, कुणी म्हणतं तुमच्या नशिबाप्रमाणे. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस. मी सगळ्यांत कमी धरला. चार. म्हणजे खरे एकशेचोवीस. म्हणजे काट्यावर एकशेबत्तीस.

पायऱ्या बघा. कंपनीने माझ्या काळजीने काट्यात गूळ घातला, तो मी खाल्ला. सरकारने कदाचित यंत्राची चूकभूल म्हणून थोडं सोडलं असेल, तेही मी खाल्लं. सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंनी ठेवलेली साय मी चमच्याने काढून घेतली, आणि वर हिशेब चोख ठेवल्याचा अभिमान. बायको म्हणाली, "पण एवढ्या घाईने मिळतं काय?" मी तेही काढलं होतं. माझ्या दारापासून जुबैलच्या मित्राचं दार चारशेवीसच्या आसपास किलोमीटर. साडेएकशेबाराने तीन तास चव्वेचाळीस मिनिटं, एकशेवीसने साडेतीन तास. चौदा मिनिटं वाचतात. "त्या चौदा मिनिटांत काय करता?" मी विचार केला. जुबैलला पोचून मी त्या चौदा मिनिटांत मित्राला सांगतो, की कसा लवकर आलो. ती म्हणाली, "चारशेवीस अंतराला शोभेसंच आहे."

उन्हाळा आला. इथला उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो आणि तिथेच मुक्काम करतो. टायर झिजले होते. मी बंशरकडे गेलो. बंशर म्हणजे पंक्चरवाला. शब्द मूळ इंग्रजी पंक्चरच. अरबीत प नाही, म्हणून ब झाला. टायरला म्हणतात कफर. बंशरवरचे चाचा पेशावरकडचे. त्यांनी टायरवर थाप मारली, कान लावला, आणि वैद्याने नाडी सोडावी तसा हात सोडला. "साहब, कफर खलास." माझ्या मापाचे चार नव्हते, एक नंबर चढे होते. "चढा लगाएगा, गाडी ऊँचा दिखेगा, रेती में आराम." शहाण्या माणसाने अशा वेळी माप विचारावं. मी भाव विचारला. पावणेदोनशे रियाल वाचत होते. टायर बसले. गाडी खरोखर उंच दिसू लागली. मीही जरा ताठ बसलो.

पुढच्या शुक्रवारी काटा एकशेबत्तीसवर ठेवून मी जुबैलहून परतलो. रस्ता तोच, घंटा तीच. फक्त टेंपो भराभर मागे पडत होते. मला वाटलं, मेंढ्या जाड झाल्या असतील. घरी पोचून जेवायला बसलो तोच फोन वाजला. एकच टिंग. गाडीतल्या घंटेपेक्षा कितीतरी हळू, पण थेट काळजात. वाहतूक खात्याचा निरोप होता. तपशील उघडला: मर्यादा एकशेवीस, आपला वेग एकशेतीस.

"एकशेतीस?" मी ओरडलो. "मी एकशेचोवीसवर होतो!"

"काटा किती होता?" बायको म्हणाली.

"एकशेबत्तीस."

"मग दोनने कमीच लावला की त्यांनी."

कागद घेऊन बसलो. नवा टायर, म्हणजे घेर दोन टक्क्यांनी वाढला. वर एक नंबर चढा, म्हणजे आणखी तीन टक्के. एकूण पाच टक्क्यांच्या वर. कंपनीने घातलेला जवळजवळ सगळा गूळ त्या टायरने पुसून टाकला होता. दुसऱ्या दिवशी पाट्यांमधले सेकंद मोजले: एकशेवीसच्या काट्याला जेमतेम साडेतीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीचा काटा खरं बोलत होता, आणि पहिल्यांदाच मला दंड झाला होता.

मी मामूंकडे गेलो. त्यांना हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे गाव कसं वसलं ठाव हाय?" हफ्र म्हणजे खणलेली जागा. बसऱ्याहून मक्केला जाणारी हजची वाट या कोरड्या दरीतून जायची. सातव्या शतकात अबू मूसा अल अश्अरी यांनी इथे यात्रेकरूंसाठी विहिरी खणवल्या, असं सांगतात. "तेव्हा कोण विचारायचा काय, उंट ताशी किती जातो? पाणी किती मजला लांब, एवढंच." मजल हा शब्द दापोलीच्या तोंडून ऐकून मला मौज वाटली. आपलं 'मजल दरमजल' इथल्याच 'मंझिल'चं. मंझिल म्हणजे उतरायची जागा. वेगाचं माप नव्हे, मुक्कामाचं. आणि वाट दाखवणारा त्या काळी पुढची विहीर नेहमी आहे त्यापेक्षा लांब सांगत असणार, म्हणजे पखाली काठोकाठ भरल्या जातात. हा माझा तर्क. कारण कोकणात नेमकं उलटं, मामू म्हणाले: तिथे कुणालाही विचारा, गाव "ह्ये काय, हाकेवर." हाक मारणारा दमतो, गाव येत नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. काट्याचा खरा शहाणपणा तो खोटं बोलतो यात नाही; ते किती, हे सांगत नाही यात आहे. नियम एवढंच म्हणतो: शून्यापासून दहा टक्के आणि वर चार, यांच्या मध्ये कुठेतरी. आज इथे, टायर झिजले की तिथे, हवा भरली की आणखी कुठे. आईच्या घड्याळाचं खोटं ठरलेलं होतं, म्हणून वडिलांनी ते फुकट घालवलं. भल्यासाठी सांगितलेलं खोटं ज्याला मोजता आलं त्याला ते निकामी होतं. आणि मोजता आलं असं ज्याला वाटलं त्याला ते महागात पडतं. मी आयुष्यभर काट्यांमधली चूक शून्यावर आणायचे पैसे घेतले. पण ही चूक म्हणजे चूक नव्हती, जिन्याचा कठडा होता. मी तो बाजूला करून पायरी रुंद केली.

यानंतर मी काट्याचं मुकाट ऐकू लागलो. एकशेवीस म्हणजे एकशेवीस. वजाबाकी बंद.

गेल्या महिन्यात जुबैलच्या मित्राकडे जेवण होतं. त्याच्या मुलीचा वाढदिवस, पुरणपोळीचा बेत. बायको म्हणाली, "सातला बोलावलंय." निघायला नेहमीप्रमाणे उशीर झाला. माझं गणित लगेच सुरू: एकशेवीसने गेलो तर सात पंचवीस. एकशेबत्तीसने गेलो तर...

"एकशेवीस," बायको म्हणाली.

साडेतीन तास मी चरफडत गाडी चालवली. अर्धा तास उशीर, लोक काय म्हणतील, पोळ्या गार होतील. ती शांतपणे शेंगदाण्याची चिक्की खात होती. जुबैलला दार वाजवलं तेव्हा बरोबर सात पंचवीस. मित्राच्या बायकोने दार उघडलं. हाताला पीठ, चेहऱ्यावर आश्चर्य. "अगंबाई, आलातसुद्धा! साडेसातचं म्हटलं होतं ना. बसा, मी हात धुऊन आलेच."

मी बायकोकडे बघितलं. ती चपला काढत होती.

"तू सात म्हणालीस."

"हो."

"साडेसात होते."

"हो."

"म्हणजे खोटं?"

"खोटं कसलं? दहा टक्के आणि वर चार."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी मनातल्या मनात भराभर मागे गेलो: तिच्या भावाचं लग्न, मुलाची शाळेची सभा, मुंबई विमानतळ. प्रत्येक ठिकाणी आम्ही वेळेवर पोचलो होतो आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो होतो, बघ, निघायला उशीर झाला तरी कसं आणलं!

"ठीक आहे," मी म्हटलं. "आता मला कळलंय. यापुढे तू सात म्हणालीस की मी साडेसात धरीन."

"धरा की," ती आत जाता जाता म्हणाली. "मी कफर बदलीन."